बसली की डोकं दुखतं

अहल्याबाईंनी मला पहिल्यांदा पकडलं ते आठवीत. काखेत कांदा ठेवला की ताप चढतो असं कुणीतरी सांगितलं होतं आणि त्या दिवशी गणिताचा पेपर होता. मी रडवेलं तोंड करून त्यांच्या टेबलाशी उभी राहिले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की थर्मामीटर मागवला नाही. जवळ बोलावलं, एकदा खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मोहिते, काढ तो कांदा आणि जाऊन बस." अख्खा वर्ग खिदळला. मी कांदा दप्तरात टाकला, पेपर लिहिला आणि नापास झाले, हे वेगळं सांगायला नको.

बडोद्यात तेव्हा मराठी शाळांना पोरं मिळत होती आणि आमच्या शाळेत बाईंचा दरारा होता. पोट दुखतंय, वही घरी राहिली, आजी वारली, असली कारणं त्यांच्यापुढे टिकायची नाहीत. एखाद्याची आजी वर्षात दुसऱ्यांदा वारली तर त्या शांतपणे विचारायच्या, आता कुठली रे, आईकडची की वडलांकडची? खोटं बोलणाऱ्याची नजर कुठे जाते, पायाचा अंगठा फरशी कशी उकरतो, सगळं त्यांना पाठ होतं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा? कधी चुकल्याचं आम्हाला कुणाला आठवत नाही.

पुढे लग्न होऊन मी कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तर समोरच्या दारावर त्यांच्याच नावाची पाटी. कपाळावर हात मारून घेतला. माझं आडनाव बदललं, दोन पोरं झाली, केस पिकायला लागले, तरी त्यांच्या लेखी मी मोहितेच राहिले. आमचे आजोबा हिंमतराव सरकारच्या घोडदळात होते. आमच्या घरात कुणावर संशय आला की तोंडावर सांगून मोकळं व्हायचं, भांडायचं आणि जेवायला बसायचं. बाईंचं तसं नव्हतं. त्या संशय मनात ठेवायच्या, त्याला रोज थोडं थोडं खाऊ घालून मोठा करायच्या, आणि पुरता तयार झाला की मगच बाहेर काढायच्या.

दूधवाला लवकर आला तरी संशय, उशिरा आला तरी संशय. त्यांचे यजमान शरच्चंद्र, भला माणूस, दफ्तरखान्यात जुने कागद लावण्यात आयुष्य गेलं त्यांचं. ते वेळेवर घरी आले तर बाई विचारायच्या, आज वेळेवर कसे? बिचारे हसायचे आणि चहा मागायचे. ते वारल्यावर बाईंचं सगळं लक्ष सोसायटीकडे वळलं. त्याच सुमाराला दारोदार नवनव्या स्कीमा यायला लागल्या होत्या. एक टायवाला पोरगा सागाची झाडं विकायला आला. झाडं आपली, वाढवणार कंपनी, म्हातारपणी पैशात लोळायचं. अख्खी सोसायटी लोळायला तयार झाली, आमचे यजमान समरजित तर सगळ्यात पुढे. बाईंनी त्या पोराला एवढंच विचारलं, झाडं बघायला कधी येऊ? तो पुन्हा त्यांच्या दारात फिरकला नाही, आणि पुढे त्या कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं. त्यानंतर बाईंच्या संशयाला सोसायटीत मान मिळायला लागला. कुणाची सोयरीक ठरत असली तरी लोक आधी त्यांचं मत घ्यायचे.

अवनी ही त्यांची नात. सातवीत होती, इंग्रजी शाळेत, आणि त्यावरूनही बाई नाक मुरडायच्या. मुलगा सलील अंकलेश्वरला केमिकल कंपनीत, सकाळच्या गाडीनं जाऊन दिवेलागणीनंतर यायचा. सून मैथिली बँकेत. म्हणजे पोर दिवसभर आजीच्याच ताब्यात.

अवनीचा डावा पाय ओढला जातोय हे आधी दिसलं तेही आजीलाच. नव्या सँडलची कड एकाच बाजूनं झिजलेली. बाईंना वाटलं, टीव्हीवर बघून चालायची काहीतरी नवी ऐट काढली असेल. मग त्या गॅलरीत वाळत घातलेल्या साडीआड उभ्या राहून तिला शाळेतून येताना बघायला लागल्या. कुणी बघत नसताना माणूस जे करतं ते खरं, हा त्यांचा नियम होता. कुणी बघत नसतानाही अवनीचा पाय ओढतच होता. बाईंनी त्याच दिवशी सलीलला सांगितलं, हिला डॉक्टरकडे ने.

मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले, तेव्हा कळलं की तिच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जन्मापासून खाली चिकटलेला आहे. पोर उंच व्हायला लागली तसा तो ताणला जात होता, म्हणून पाय कमजोर. ऑपरेशन करून सोडवला नाही तर पाय जाईल, लघवीवरचा ताबाही जाईल. डॉक्टर परीख म्हणाले की वेळेवर आणलंत. सलीलनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, आईच्या संशयी स्वभावानं पोरीचा पाय वाचला. बाईंनी त्या दिवशी सोसायटीत बेसनाचे लाडू वाटले.

ऑपरेशन चांगलं झालं. हॉस्पिटलमधून निघायच्या दिवशी परीखांनी सलील आणि मैथिलीला काय काय बघायचं ते सांगितलं. ताप, जखमेची लाली, पू, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, लघवी अडणं, उलट्या, डोकं दुखणं, जखमेतून पाणी येणं. त्यांनी नीट सांगितलं होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण मैथिली तेव्हा औषधं गोळा करत होती आणि सलील रिक्षा बघायला अर्धा बाहेर होता. त्यानं घरी येऊन आईला सांगितलं ते एवढंच, की ताप, लाली आणि पू आला तर लगेच कळवायचं. पलंगावर पडून सगळी यादी नीट ऐकली होती ती एकट्या अवनीनं.

मी तिला पाठीला काही टोचू नये म्हणून मागून नाड्या बांधायचे सैल सुती गाऊन शिवून दिले. बाईंनी देखभाल मात्र अशी केली की नर्सनं शिकावं. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर, तोही स्वतः हातात धरून, कांद्याचा अनुभव होता ना! जखमेला खिडकीच्या उजेडात बघायच्या. ताप नाही, लाली नाही, पू नाही. टाके निघाले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता हिला थोडं थोडं बसू द्या, झेपेल तितकं. बाईंनी थोडं थोडं ऐकलं आणि झेपेल तितकं हे सोडून दिलं, कारण वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. एवढं सगळं करून पोरीचं वर्ष वाया जायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं.

आणि मग ते सुरू झालं. अवनीला टेबलाशी बसवलं, पुस्तक उघडलं, की थोड्या वेळात म्हणायची, आजी, डोकं दुखतंय. आडवी झाली की दुखणं बंद. आडवी पडून कार्टून बघायला लावा, खुदुखुदु हसते. पुन्हा गणिताला बसवा, पुन्हा डोकं.

आता तुम्हीच सांगा, असं डोकं कधी कुणी ऐकलंय का? बसली की दुखतं आणि झोपली की थांबतं! बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला एवढं पुरे होतं. त्यांनी आपला नियम लावून पाहिला. दाराच्या फटीतून बघितलं, कुणी बघत नसताना पोर पलंगावर पडून टीव्हीपुढे मजेत. निकाल लागला. त्यातून अवनीच्या नावावर एक जुना गुन्हा होता. दिवाळीच्या आधी ती ट्यूशनचे सर आजारी आहेत सांगून मैत्रिणीबरोबर दाबेली खायला गेली होती, आणि सर संध्याकाळी बाईंना भाजी घेताना भेटले, ठणठणीत. तेव्हापासून अवनीचा शब्द बाईंच्या घरात चालत नव्हता.

एकदा तिला सकाळचं खाल्लेलं सगळं उलटून पडलं. बाईंनी गादी वर केली तर खाली चॉकलेटचे कागद. मैत्रीण भेटायला येताना गुपचूप घेऊन आलेली. झालं, उलटीचंही कारण मिळालं. मला बोलावून ते कागद दाखवले, पोलीस मुद्देमाल दाखवतात तसे. मी म्हटलं, बाई, पोर आहे, चॉकलेट खाणारच. त्या म्हणाल्या, "खाऊ दे की. खोटं का बोलते?"

मैथिलीनं दोनदा विचारलं की डॉक्टरांना एक फोन करूया का. बाईंनी तिला समजावलं, म्हणजे गप्प केलं. म्हणाल्या, तू संध्याकाळी येतेस तेव्हा ती झोपलेली असते, तुला तिची नाटकं कशी दिसणार? दिवसभर मी असते. ताप नाही, लाली नाही, पू नाही, मग डॉक्टरला काय सांगणार, पोरीला गणित नको आहे? मैथिली बँकेतून दमून आलेली. त्यात सासूच्याच नजरेनं पोरीचा पाय वाचलेला, त्यामुळे तिच्या तोंडाला आपोआप कुलूप लागलं होतं.

त्यानंतर अवनीचा गाऊन पाठीशी ओला निघायला लागला. आधी रुपयाएवढा डाग, मग तळहाताएवढा. बाईंनी हुंगून पाहिलं. वास नाही. बोटाला लावून उजेडात बघितलं, रंग नाही. चिकट नाही. निव्वळ पाणी, नळाला येतं तसं. अवनी म्हणाली, आजी, डॉक्टरकाकांनी सांगितलं होतं, पाणी आलं तर सांगायचं. इथेच पोर फसली बघा. पेपर फुटलेला असला की मठ्ठ पोरसुद्धा बरोबर उत्तर लिहितं, हे बाईंनी आयुष्यभर पाहिलं होतं. हिला काय सांगायचं ते आधीच माहीत आहे, म्हणजे हिनेच केलं. डोकं चाललं नाही, उलटी चालली नाही, आता तांब्यातलं पाणी पाठीवर ओततेय.

मला हे जिन्यात सांगितलं तेव्हा मी चक्रावले. जखमेवर पाणी ओतेल का कुणी पोर? पण समोर अहल्याबाई, आणि मी कांदेवाली मोहिते. मी म्हटलं, बाई, एकदा डॉक्टरांना दाखवून या ना, त्यात काय जातं? तर म्हणाल्या, दाखवणारच आहे, पण आधी पुरावा घेऊन, नाहीतर डॉक्टरसमोर माझं हसं व्हायचं. उद्या दुपारी जेवण झालं की ये. साक्षीला कुणीतरी हवं.

दुसऱ्या दिवशी गेले. मला वाटलं होतं काहीतरी गंमत होईल, बाई पोरीला रंगेहाथ पकडतील, पोर रडेल, मग मी दोघींना चहा करून देईन. बाईंनी तयारी जय्यत केली होती. खोलीतला तांब्या बाहेर नेलेला. बाथरूमला बाहेरून कडी. फुलदाणीसुद्धा रिकामी केलेली. अवनीला त्यांनी माझ्यादेखत कोरडा गाऊन घातला, मला हात लावून बघायला सांगितला. फिक्या निळ्या कापडाचा होता, मीच शिवलेला. लावून पाहिला, कोरडा खडखडीत. मग तिला टेबलाशी बसवलं, पुढ्यात गणिताचं पुस्तक ठेवलं, आणि आम्ही दोघी तिच्या मागे खुर्च्या टाकून बसलो, परीक्षेला सुपरव्हिजनला बसतात तशा.

अवनीनं एकदा मागे वळून आमच्याकडे बघितलं. डोकं दुखतंय म्हणाली नाही. दोन-तीन दिवसांपासून तिनं सांगणंच सोडलं होतं, हे मला नंतर कळलं. एका हातानं कपाळ धरून ती गणितं करायला लागली.

आधी काहीच झालं नाही. बाईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बघितलंस ना, अशा. मीही मान हलवली. मग नाड्यांच्या गाठीखाली कापड जरा गडद दिसलं. मला वाटलं सावली असेल. ती सावली हलत नव्हती, वाढत होती. आमच्या डोळ्यांसमोर, पोरीचे दोन्ही हात टेबलावर असताना, तो डाग खाली खाली पसरत गेला आणि खुर्चीच्या कडेवरून एक थेंब फरशीवर पडला. मग आणखी एक.

बाई उठल्या. पोरीच्या पाठीला एक बोट लावलं आणि त्या बोटाकडे बघत राहिल्या. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं वाचली, त्याचं स्वतःचं तोंड असं उघडं पडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अवनी, आडवी हो बाळ," त्या म्हणाल्या.

फोन मीच लावला, बाई तिला पलंगावर निजवत होत्या. हॉस्पिटलमध्ये परीखांची मदतनीस डॉक्टर फोनवर आली. मी रिसीव्हर बाईंच्या हातात दिला आणि कान जवळ नेला. त्यांनी पाण्याचं सांगितलं. पलीकडून लगेच प्रश्न आला, "बेसे त्यारे माथुं दुखे, ने सूई जाय एटले मटी जाय, एवुं छे?" बसली की डोकं दुखतं आणि झोपली की थांबतं, असं आहे का?

बाई अवनीकडे बघत राहिल्या. पलीकडची मुलगी हॅलो, हॅलो करत राहिली. शेवटी मीच ओरडून हो म्हणाले. ती म्हणाली, बसवू नका, आडवीच घेऊन या, आत्ताच्या आत्ता.

समोरच्या ब्लॉकमधल्या विश्वंभरभाईंची व्हॅन घेतली. मागच्या सीटवर अवनी कुशीवर, डोकं आजीच्या मांडीवर. संगमच्या चौकात गायी आडव्या बसलेल्या, त्यांना हाकलायला मीच खाली उतरले. बाई एकच गोष्ट विचारत होत्या, थंडी वाजतेय का तुला? पोर नाही म्हणत होती आणि तिचे दात वाजत होते.

परीख येईपर्यंत मैथिलीही बँकेतून धावत आली. त्यांनी जखम पाहिली, ताप मोजला. ताप होता, फार नाही, पण होता. मान पुढे वाकवून पाहिली. मग त्यांनी आम्हाला सोप्या शब्दांत सांगितलं. मेंदू आणि मज्जारज्जू एका पिशवीत, स्वच्छ पाण्यात असतात. ऑपरेशनसाठी ती पिशवी उघडावी लागते आणि पुन्हा शिवावी लागते. कधी कधी ती शिवण थोडी सुटते आणि पाणी झिरपायला लागतं. पेशंट बसला की जास्त झिरपतं, मेंदूखालचं पाणी कमी होतं, म्हणून डोकं ठणकतं, मळमळतं. आडवा झाला की बरं वाटतं. पू दिसला की लोक धावत येतात, म्हणाले, पाण्याला कोणी घाबरत नाही. पण जिथून पाणी बाहेर येतं तिथून जंतू आत जातात, आणि ते मेंदूच्या वेष्टनापर्यंत पोचले तर पोर हातची जाते.

मैथिलीनं जाऊन अवनीचा हात धरला.

मग परीख अवनीकडे वळले. पुढं काय करायचं ते एकाच गोष्टीवर होतं. आजच सुरू झालं असेल तर आडवं ठेवायचं, वरून टाके घालून वाट बघायची. जुनं असेल तर पाण्याची तपासणी आधी, जोराची औषधं लगेच आणि बहुतेक पुन्हा ऑपरेशन. म्हणून त्यांनी प्रेमानं विचारलं, बेटा, हे डोकं आणि पाणी कधीपासून?

अवनीनं आजीकडे बघितलं. मग आईकडे. मैथिलीचे डोळे सासूवर लागलेले होते आणि त्यात काय होतं ते लहान पोरालाही कळावं.

"आज सकाळपासून," अवनी म्हणाली.

परीखांनी मान हलवली, सिस्टरला काहीतरी सांगायला वळले. मला माहीत होतं हे खरं नाही. तोंड उघडणार तोच बाई पलंगाच्या पायथ्याशी आल्या. बडोद्यात डॉक्टरांना मराठी समजतं, पण बाई नेहमी त्यांच्याशी नीटनेटकं गुजराती बोलायच्या. त्या दिवशी मराठीतच बोलल्या.

"डॉक्टर, ती खोटं बोलतेय. आठवड्याच्या वर झालं. रोज सांगत होती. मी तिला खोटी ठरवली आणि रोज बसवली."

अवनी रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घ्यावं असं मला वाटलं, पण त्या हात बांधून तशाच उभ्या राहिल्या, कान पकडून उभं केलेल्या पोरासारख्या. परीखांनी बोलण्यात वेळ घालवला नाही. पाण्याची तपासणी झाली, जंतू सापडले. सुरुवातच होती. औषधं त्याच संध्याकाळी सुरू झाली, पुढे पुन्हा ऑपरेशन करून ती शिवण घट्ट केली. आजच सुरू झालंय असं मानून वाट बघत बसलो असतो तर काय झालं असतं, ते त्यांनी सलीलला एकट्याला आपल्या केबिनमध्ये नेऊन सांगितलं. सलील बराच वेळ बाहेर आलाच नाही.

मैथिली सासूशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, निदान माझ्या जिवाला. तिनं फक्त पलंगाशेजारचं स्टूल घेतलं आणि म्हणाली, आई, तुम्ही घरी जा. बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या आणि दाराबाहेर बाकावर बसल्या. रोज यायच्या आणि बाकावर बसायच्या. शेवटी मैथिलीची रजा संपत आली, आणि अवनीशेजारी कुणीतरी हवंच होतं, म्हणून बाईंना स्टूल परत मिळालं.

पण पोर बदलली होती. कुणीही काही विचारा, उत्तर एकच, नाही. डोकं दुखतं का? नाही. पायाला मुंग्या? नाही. भूक? नाही. आईला नाही, डॉक्टरलाही नाही. परीख काळजीत पडले. म्हणाले, आतलं आम्हाला दिसत नाही, ही सांगेल तेवढंच कळतं. पुन्हा झिरपलं किंवा पाय बधिर झाला आणि ही गप्प राहिली, तर आम्ही काय करणार? हिला बोलतं करा. आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केले. मी तर माझ्या कांद्याची गोष्टसुद्धा सांगितली. हसली बिचारी, पण बोलली नाही.

बाई तिच्याजवळ बसून राहायच्या. पुस्तक नाही, गणित नाही. दर थोड्या वेळानं विचारायच्या, कसं वाटतंय, आणि ती बरं म्हणायची. ते बरं खरं की खोटं, हे ओळखायची त्यांना आता भीती वाटायला लागली होती. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि अहल्याबाई असं काही सांगतील यावर मी आधी विश्वास ठेवला नसता.

एका संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तर वॉर्डात धांदल. बाई पॅसेजमध्ये अनवाणी उभ्या, पदर खांद्यावरून घसरलेला, छाती धपापतेय. आत दोन डॉक्टर अवनीचा पाय तपासत होते. अवनीनं सांगितलं होतं की डावा पाय अगदी बधिर झालाय, काही कळत नाही. बाई तडक उठून सिस्टरला शोधायला धावल्या, सिस्टर जागेवर नव्हती तर तिच्यासाठी थांबल्या नाहीत, जिना उतरून खालच्या मजल्यावरून डॉक्टरला हाताला धरून वर घेऊन आल्या. त्या वयात, त्या गुडघ्यांनी.

डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचली. अवनीनं पाय झटकन ओढला. दुसऱ्या ठिकाणी टोचली, तिथेही ओढला. तरुण डॉक्टर जरा वैतागला, पण चांगला होता. म्हणाला, काही नाही बा, असं होतं कधी कधी, सांगितलंत ते बरं केलंत. बाईंनी हात जोडले, पुन्हा पुन्हा माफी मागितली. आत अवनी पडल्या पडल्या दाराकडे बघत होती. मी तिला विचारलं, आता कसं वाटतंय? तर म्हणाली, पाठीत जरा जड वाटतंय मावशी, कालपासून, आणि रात्री एकदा डोकं दुखलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोरीनं आपणहून काही सांगितलं. मी ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घातलं. मग बाहेर येऊन बाईंना बाकावर बसवलं, पाणी दिलं.

त्या पाणी प्यायल्या. मग हळूच म्हणाल्या, "पाय बधिर नव्हता तिचा. मला तेव्हाच कळलं होतं."

मी चिडलेच. म्हटलं, "कळलं होतं तर एवढ्या धावलात कशाला? जिन्यात पडला असतात तर?"

"ती बघत होती गं मोहिते," बाई म्हणाल्या, "मी उठते की नाही."